पर्समधला कॅमेरा आणि द्वादशीची भरती

माघातल्या शुद्ध द्वादशीला भाच्याबरोबर सीवूड्सला रोहित बघायला गेले होते. रोहित म्हणजे फ्लेमिंगो; काही जण अग्निपंखही म्हणतात. भाच्याच्या पाठीवर सहाशे मिलिमीटरची लेन्स, हातात ट्रायपॉड. माझ्याकडे पर्स. तिच्यात पाण्याची बाटली, चष्म्याची डबी, मुगडाळीची एक पुरचुंडी (तिचं काम पुढे सांगते) आणि तीनशे ग्रॅमचा कॅनन एसएक्स-७४०. खांदा आखडल्यावर मोठा कॅमेरा विकून टाकला आणि हा घेतला. "मावशी, तुझं ते खेळणं आणलंस का?" हे भाच्याचं स्टेशनवरचं पहिलं वाक्य.

ठाण्याच्या नऊ-दहा नंबरच्या फलाटांवरून पनवेल गाडी धरली तर सीवूड्स-दारावेला थेट उतरता येतं. नेरूळ गाडी मिळाली तर नेरूळला बदला. घाईत वाशीच्या गाडीत मात्र बसू नका, ती दुसरीकडे वळते. पुढे रिक्षेने एनआरआय कॉम्प्लेक्स. त्याच्या मागे पाणथळ आहे, आणि तिला लागून टी. एस. चाणक्य या जहाजी प्रशिक्षण संस्थेच्या बाजूची. या जागेवर गोल्फ कोर्स आणि इमारती होऊ घातल्या होत्या, प्रकरण कोर्टात गेलं. आम्ही सव्वासातला पोचलो तेव्हा काठावर फिरायला आलेली मंडळी आणि दोन कुत्री होती, बाकी शांतता.

आता तिथीचं. कॅमेऱ्याइतकंच हे महत्त्वाचं आहे. ओहोटीला रोहित ठाणे खाडीतल्या चिखलावर चरत असतात आणि काठावरून गुलाबी ठिपक्यांपलीकडे काही दिसत नाही. भरतीचं पाणी चिखल झाकायला लागलं की ते उठतात आणि आतल्या पाणथळींवर विसाव्याला येतात. म्हणजे आपण त्यांच्याकडे जायचं नाही, भरती त्यांना आपल्याकडे आणते. माझे सासरे देवगडचे. त्यांचा हिशेब असा, की तिथीची पाऊणपट करा, आली भरतीची वेळ. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. अर्धापाऊण तास इकडेतिकडे होतो आणि खाडीत आत पाणी आणखी थोडं उशिरा पोचतं, म्हणून निघण्याआधी मुंबईच्या भरतीचा तक्ता बघावाच. पण दिवस ठरवायला हा हिशेब पुरतो. सप्तमी-अष्टमीला भांग, म्हणजे सगळ्यात कमी चढणारी भरती असते, चिखल पुरता बुडत नाही, पक्षी खाडीतच राहतात. पौर्णिमेला उधाण जोरात, पण पाणी चढतं भर दुपारी आणि ऊन डोक्यावर. या दोन्हींच्या मधली एकादशी-द्वादशी मला सोयीची वाटते. शुद्ध असो की वद्य.

साडेसातनंतर थवे यायला लागले. भाच्याचा कॅमेरा मशीनसारखा खडखडत होता. मी पहिले वीसेक फोटो काढून पाहिले तर सगळ्यांवर पाण्यात भिजलेल्या जलरंगाची कळा! म्हटलं, लेन्सला बाष्प आलं. पुसली, तरी तेच. मग लक्षात आलं, आदल्या आठवड्यात नातवाला चंद्र दाखवताना डिजिटल झूम चालू केला होता, तो तसाच राहिलेला. या कॅमेऱ्याचा खरा झूम चाळीस पट, म्हणजे फुल-फ्रेमच्या (जुन्या फिल्मच्या चौकटीएवढ्या) मापात ९६० मिलिमीटर. त्यापुढचा ऐंशी पटीपर्यंतचा झूम म्हणजे तोच फोटो ताणून दाखवणं. घरून निघतानाच मेन्यूत जाऊन तो बंद करा. मी वीस फोटो वाया घालवले, तुम्ही घालवू नका.

९६० हा आकडा ऐकून भाचा हसला. त्याच्या सहाशेपेक्षा जास्त कसा? तर माझ्या कॅमेऱ्यातला सेन्सर, म्हणजे चित्र टिपणारा तुकडा, करंगळीच्या नखाहून लहान, जेमतेम सहा मिलिमीटर रुंद. लेन्स प्रत्यक्षात १७२ मिलिमीटरची, पण इतक्या चिमुकल्या चौकटीत तिचं ९६० होतं. त्याची किंमत प्रकाशात मोजावी लागते. पूर्ण झूमला प्रकाश आत घेणारं छिद्र एफ ६.९ इतकं बारीक होतं आणि आयएसओ (कमी उजेडात चित्र उजळ करायचा आकडा) आठशेच्या वर नेला की पिसांची लापशी होते. २० मेगापिक्सेल हाही कागदावरचा आकडा, कारण एवढ्या छोट्या छिद्रातून येणारा प्रकाश सेन्सरच्या बारीक पिक्सेलांपेक्षा कितीतरी मोठ्या ठिपक्यात पसरतो. तेव्हा "घरी जाऊन क्रॉप करू" हा विचार सोडा. चौकट जागेवरच भरली पाहिजे. माझा हिशेब सांगते: चाळीस मीटरवर चौकटीत दीड मीटर रुंदी मावते, लहान रोहित छान भरतो. शंभर मीटरवर तोच पक्षी एका कोपऱ्यात जातो.

पाणी चढून थवा आमच्यापासून चाळीस-पन्नास मीटरवर स्थिरावला ती वेळ पावणेनऊची. सूर्य पाठीशी. आयएसओ दोनशे, शटर एक-अडीचशेवर, म्हणजे सेकंदाच्या अडीचशेव्या भागावर. उभ्या पक्ष्याला तेवढं पुरतं, कारण कॅमेऱ्यातलं स्टॅबिलायझेशन चांगलं आहे. पट्टा गळ्यात घालून कॅमेरा पुढे ढकलायचा, पट्टा ताठ झाला की हात थरथरत नाहीत. दगड किंवा कठडा मिळाला तर त्यावर डाळीची पुरचुंडी ठेवून तिच्यात कॅमेरा रुतवायचा. एक्स्पोजर (फोटोचा उजेड) दोन-तृतीयांश स्टॉप खाली. नाहीतर उन्हात पांढरी पिसं जळून नुसता पांढरा डाग उरतो.

या अर्ध्या तासात माझ्या त्या 'खेळण्या'ने मला जे दिलं ते सांगते. एक रोहित मान खाली सोडून चोच पाण्यात उलटी फिरवत होता. चोच गडद किरमिजी, जवळजवळ काळी, म्हणजे लहान रोहित. त्याच्या मागे त्याच्याहून हातभर उंच दुसरा, त्याची चोच फिकट गुलाबी आणि टोक तेवढं काळं, तो मोठा रोहित. नुसत्या डोळ्यांनी दोन्ही सारखेच गुलाबी. आणि या दोघांच्या पायांतून वाट काढत एक शेकाट्या चालला होता, लाल काड्यांसारखे पाय, प्रत्येक पाऊल आधी वर मुडपून मग अलगद पाण्यात. त्याच्या मानेवरचा पाण्याचा थेंब फोटोत दिसतोय. भाच्याने स्क्रीनवर तो पाहिला आणि काही बोलला नाही.

उडत्या थव्याचं मात्र नाव काढू नका. कॅमेरा फोकस शोधेपर्यंत थवा उरणला पोचलेला असतो. व्ह्यूफाइंडर (डोळा लावून बघायची खिडकी) नाही, आणि ऊन चढलं की स्क्रीनवर आपलाच चेहरा. टोपीचा छज्जा पुढे ओढून सावली करावी लागते. पक्षी चौकटीतून हरवला तर फ्रेमिंग असिस्टचं बटण दाबून धरा, झूम क्षणभर मागे येतो, पक्षी सापडला की बटण सोडा. हे हाताला वळण लागायला मला महिना लागला. खिडकीतल्या कावळ्यांवर सराव केला. व्ह्यूफाइंडर हवाच असेल तर पॅनासॉनिकचा टीझेड-९५ किंवा सोनीचा एचएक्स-९९ बघा, दोन्हींचा झूम ७२० पर्यंत आहे. टीझेड-२०० चा सेन्सर मोठा, चित्र जास्त स्वच्छ, पण तो ३६० वरच थांबतो. पक्ष्यांना तो अपुरा, असं माझं मत.

दहानंतर पाण्यावरून हवा थरथरायला लागते. त्यापुढे कोणत्याही लेन्सने फोटो मऊच येणार, मग भाच्याची असो की माझी. पोहे खायला निघा.

ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रातून बोटीनेही खाडीत जाता येतं. हा भाग २०१५ मध्ये अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत गेला. बोटीची वेळ भरती-ओहोटीवर ठरते, आधी नोंदणी करून जा. डोलत्या बोटीत पूर्ण झूम निरुपयोगी आहे. चारशे-पाचशेवर थांबा आणि शटर एक-हजारावर न्या. रोहित जवळ असतात, निभतं.

बॅटरी दोन न्या, एक चार्ज कंपनीच्या आकड्यानुसार २६५ फोटोंचा, आणि स्क्रीन सतत चालू असल्यामुळे आमच्यासारख्यांना तेवढेही मिळत नाहीत. घरी आल्यावर बाहेर येणारी लेन्सची नळी कोरड्या मऊ फडक्याने पुसून मगच आत जाऊ द्या, खाडीची हवा खारी असते. जवळून फोटो हवा म्हणून चिखलात उतरू नका. एक माणूस उतरला की अख्खा थवा उठतो, आणि पाणी ओसरेपर्यंत त्यांना टेकायला दुसरी जागा शोधावी लागते.

परतीच्या गाडीत कोपरखैरण्याला भाच्याला डुलकी लागली, मांडीवर ती अवजड बॅग. घणसोलीला डोळे उघडून म्हणाला, "मावशी, तो शेकाट्या मला पाठव ना."