मागच्या दारावर फोर बाय फोर

तुर्भे एमआयडीसीत माझं गॅरेज आहे. काम मुख्यतः मोठ्या गाड्यांच्या सस्पेन्शनचं. पाऊस तोंडावर आला की फॉर्च्युनर, एंडेव्हर, पजेरोवाल्यांची रांग लागते आणि बहुतेकांची मागणी एकच, उंची वाढवायची: "दादा, गाडी उचलायचीये." किती, असं विचारलं की मोबाइलमधला ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातला फोटो पुढे येतो. कुठे नेणार, असं विचारलं की बायकोकडे बघतात.

गेल्या शनिवारी कामोठ्याहून एक कुटुंब आलं. नवराबायको, शाळकरी मुलगा आणि पुढच्या सीटवर आजोबा. गाडी जुन्या आकाराची फॉर्च्युनर, २०१३ची, नुकतीच सेकंडहँड घेतलेली आणि आधीच कुणीतरी फेरफार केलेली. पुढे स्टीलचा आडदांड बंपर, त्याला दोन लाल डी-शॅकल, म्हणजे गाडी ओढायच्या कड्या, मागच्या दारावर वीतभर अक्षरांत 'फोर बाय फोर', म्हणजे चारही चाकांना इंजिनचा जोर. गाडी थांबल्यावर वहिनी उतरल्या आणि डिकीतून प्लास्टिकचं स्टूल काढून आजोबांच्या पायाखाली ठेवलं. सात माणसांच्या गाडीतून उतरायला आजोबांना स्टूल लागतं, म्हणजे उंची कुणासाठी वाढवली ते कळलंच.

तक्रार होती आवाजाची. सायन-पनवेल हायवेवर खड्डा आला की पुढून टक् असा ठोका. तो काढायचा, शिवाय स्नॉर्कल, म्हणजे इंजिनाला छताच्या उंचीवरून हवा देणारी नळी, आणि मोठे टायर टाकायचे, कारण पावसात ऑफिसच्या ग्रुपबरोबर चिखलात जायचं होतं.

रॅम्पवर घेतली आणि चाकं लोंबली तसं कारण दिसलं. पुढच्या शॉकअपच्या डोक्यावर बोटभर जाडीचा ॲल्युमिनियमचा स्पेसर, म्हणजे चकती. याला लिफ्ट किट म्हणून विकतात. शॉकअप खालच्या आर्मवर टोकाला नाही, मध्यात कुठेतरी बसतो, म्हणून वर २५ मिलिमीटर घातले की चाकाशी जवळपास दुप्पट उंची मिळते. स्वस्तात मस्त! पण शॉकअपची चाल तेवढीच राहते आणि अख्खा भाग खाली सरकतो. चाक खड्ड्यात लोंबलं की वरचा आर्म नेमून दिलेल्या कोनापलीकडे जातो आणि बॉल जॉइंट शेवटाला आपटतो. तोच तो टक्. दोन्ही बॉल जॉइंटचे रबर फाटून ग्रीस आर्मभर पसरलं होतं. अलाइनमेंटच्या पट्टीवर कास्टर, म्हणजे स्टिअरिंग सरळ ठेवणारा चाकाचा झुकाव, इतका कमी की सरळ रस्त्यावरही स्टिअरिंग हातात नांगर धरल्यासारखं धरावं लागत असणार. ज्याने हे बसवलं त्याने अलाइनमेंट न करताच गाडी दिली होती. अशांना पैसे मोजून घेताना मात्र चूक होत नाही.

उंची वाढवलेल्या गाडीत पुढची चाकं फिरवणाऱ्या ॲक्सलचे सीव्ही जॉइंट वाकड्या कोनात फिरतात आणि त्यांचे रबरी बूट आधी फाटतात. म्हणून सवयीने हात आत घातला. बूट हाताला लागेना. बॅटरी मारली. बूट नव्हता, कारण ॲक्सलच नव्हता. पुढच्या चाकांना जोर वाटून देणारं डिफरन्शियल नाही, गिअरबॉक्सच्या मागे तो जोर पुढे वळवणारी ट्रान्सफर केस नाही, पुढे येणारा प्रोपेलर शाफ्ट नाही. गाडी मागच्या चाकांवर चालणारी, साधी फोर बाय टू.

हेल्परला चहा आणायला पिटाळलं आणि साहेबांना, म्हणजे नवऱ्याला, एकट्यालाच खाली बोलावलं. ते म्हणाले, "पण विकणाऱ्याने सांगितलं की ही फुल टाइम आहे, म्हणून दांडा नाही." खोटं कसं रचतात बघा. फॉर्च्युनर २००९ला आली ती खरोखरच फुल टाइम फोर व्हील, म्हणजे कायम चारही चाकांना जोर असलेली होती, त्यामुळे ऐकणाऱ्याला पटतं. पण तिलाही लो रेंज आणि लॉकसाठी गिअरशेजारी दुसरा दांडा होताच. २०१२ला फोर बाय टू आली, आणि अशी गाडी स्टिकर लावून खपवणारे मागोमाग आले.

एवढ्यात आजोबा स्वतःच रॅम्पखाली आले. खोपटच्या एसटी डेपोतून मेकॅनिक म्हणून रिटायर झालेले. गिअरबॉक्सच्या शेपटाला हात लावला, शाफ्टवरून बोटं फिरवत मागच्या डिफरन्शियलच्या हाउसिंगपर्यंत गेले. "एकच शाफ्ट आहे," म्हणाले. साहेबांकडे न बघताच पुढे, "एसटीलापण मागच्याच चाकांना जोर असतो. माळशेज चढतेच की."

साहेबांनी कन्व्हर्ट होईल का विचारलं. नाही. ट्रान्सफर केस, पुढचं डिफरन्शियल, ॲक्सल, हब हे सगळं जमवायला दुसरी अख्खी गाडी फोडावी लागते, आणि कंपनीच्या मूळ रचनेत असा फेरफार मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२मध्ये बसत नाही. सुप्रीम कोर्टाने २०१९च्या जानेवारीत ते आणखी स्पष्ट केलं. बंपरचंही तेच. क्रॅश गार्डवर कारवाई करा, असं केंद्राने डिसेंबर २०१७मध्येच राज्यांना कळवलंय. शिवाय ते लाल शॅकल ज्या पट्टीला होते तिला वेल्डिंगचे नुसते टाके मारलेले. ताणलेल्या दोराने ती पट्टी उपटली असती तर दोन गाड्यांच्या मध्ये उभा असलेला माणूस गेलाच असता. पुढच्या मूळ कड्याही ट्रकवरून नेताना गाडी बांधायच्या असतात, चिखलातून उपसायच्या नव्हेत.

मोठ्या टायरांचा हिशोब मी कागदावर करून दाखवला. २६५/६५ आर १७चा व्यास ७७६ मिलिमीटर, त्यांना हव्या त्या २६५/७०चा ८०३. मागच्या हाउसिंगखाली निम्मे, म्हणजे १३ मिलिमीटर मिळतात. स्पेसरने तिथे शून्य, कारण सॉलिड ॲक्सल चाकांसोबत खालीच राहतो. उंच होते ती बॉडी, आणि गाडीच्या पोटाखाली सर्वात खाली असतं ते हाउसिंगच, दगड लागतो तो त्यालाच. स्नॉर्कलला मी सरळ नाही म्हटलं. एअर फिल्टरच्या डब्याचा एकेक जोड सील नसेल तर ती नुसती शोभेची नळी, आणि तापलेलं डिफरन्शियल गार पाण्यात बुडलं की ब्रीदरमधून, म्हणजे हवा जाण्याच्या भोकातून, पाणी ओढतंच. आजोबा मान डोलावत होते.

ठरलं असं: स्पेसर आणि बंपर बाहेर, नवे बॉल जॉइंट, भरल्या गाडीचं वजन पेलतील असे मागचे स्प्रिंग आणि चांगले शॉकअप, मूळ मापाचेच ऑल टेरेन टायर, चॅसीला हाय टेन्साइल बोल्टने कसलेले ओढायचे हुक, हवेचा गेज आणि कॉम्प्रेसर. रस्त्यावर तिशीच्या आसपास असलेली हवा मऊ मातीत १८ पीएसआयवर आणली की टायर पसरतो आणि गाडी कितीतरी ठिकाणांहून निघते. पैसे उरले तर मागे डिफ लॉकर, म्हणजे मागची दोन्ही चाकं एकत्र फिरवणारं कुलूप. स्टूल मात्र घरी ठेवा म्हटलं, तेव्हा वहिनी पहिल्यांदा हसल्या.

हे सगळं मान्य झालं. अडलं ते स्टिकरवर. हीट गनने पाच मिनिटांचं काम, फुकट करून देतो म्हटलं. वहिनीही म्हणाल्या, "काढून टाका हो." साहेब म्हणाले, "सध्या राहू दे. ग्रुपला सांगितलंय सगळ्यांना."

तेव्हापासून डोक्यात तेच आहे. निसरड्या चढावर पुढचा गडी मागच्या गाडीकडे बघूनच हात करतो, ये म्हणून. याच्या दारावरचं त्याने आधीच वाचलेलं, म्हणून तो बोलावणार, आणि ही अर्ध्यातून मागे घसरणार, आत पोरगं बसलेलं. पुढेमागे गाडी विकायला काढतील तेव्हा तरी अक्षरं निघतील का? फसवला गेलेला माणूस मी हळहळून बघितला, आणि अर्ध्या तासात तोच माणूस स्टिकर ठेवा म्हणाला. त्याचा रागही धड येत नाही. दार त्याचं, मी उपटून काढू शकत नाही.

जॉब कार्डावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'गाडी फोर बाय टू, ग्राहकास दाखवले', आणि त्यांची सही घेतली. आजोबांनी त्या कार्डाचा मोबाइलवर फोटो काढून घेतला. स्प्रिंग बुधवारी येतायत.