पॅरिसमधील झील

पॅरिसच्या पाच क्रमांकाच्या मेट्रोने पोर्त द पांतँ स्थानकावर उतरलो आणि सवयीने अधिक चकाकणाऱ्या इमारतीकडे वळलो. ती वास्तुकार जाँ नूव्हेल यांनी आखलेली, २०१५ साली सुरू झालेली फिलार्मोनी ही संगीतसभागृहाची इमारत होती. माझी मैफल मात्र शेजारच्या, तिच्याहून वीस वर्षे जुन्या सिते द ला म्युझिक या संगीतसंकुलात होती. जिथे एकेकाळी कत्तलखाने आणि गुरांचा बाजार होता, त्या ला व्हिलेतच्या आवारात पळत पळत मी वेळेवर पोहोचलो.

त्या दिवशी 'आन्साँब्ल अँतरकाँतांपोरँ' हा वाद्यवृंद फ्रेंच संगीतकार पिएर बुलेझ यांची 'रेपाँ' ही रचना वाजवणार होता. हा वृंद बुलेझ यांनीच १९७६ साली उभारला आणि पाँपिदू या कलाकेंद्राला लागून जमिनीखाली वसलेली 'इर्काम' ही संगीत-संशोधन संस्थाही त्यांचीच. सकाळी मी तिथे जाऊन आलो होतो. बाहेरून दिसते ती केवळ विटांच्या रंगाची एक अरुंद इमारत, आणि शेजारच्या चौकातले रंगीत कारंजेच अधिक लक्ष वेधून घेते.

सभागृहात मंच मधोमध होता. त्यावर चोवीस वादक, त्यांच्याभोवती आम्ही श्रोते, आणि आमच्याही पाठीमागे सहा उंचवट्यांवर सहा एकल वादक, ध्वनिवर्धकांसह. दोन पियानो, हार्प, व्हायब्राफोन, झायलोफोन-ग्लोकेनश्पील आणि सिंबालोम. माझी जागा सिंबालोमजवळ होती. ताणलेल्या तारांवर हलक्या काठ्यांनी वाजणारे हे हंगेरियन वाद्य आपल्या संतूरच्या कुळातले आहे, त्यामुळे मला उगाचच घरचे माणूस भेटल्यासारखे झाले.

पहिली काही मिनिटे केवळ मधला वृंद वाजत राहतो, विजेच्या साह्याविना. इतका वेळ ती सहा माणसे हात बांधून का बसली आहेत, असे वाटू लागते, आणि मग सहाही जण एकदम आपापले स्वरसमूह छेडतात. हे स्वर ध्वनिग्राहकातून संगणकात जातात, तिथे त्यांची उंची बदलते, त्यांना विलंब मिळतो, आणि ते ध्वनिवर्धकांमधून सभागृहभर फिरू लागतात. छेडताच विरू लागणारे स्वर असणारी वाद्येच बुलेझ यांनी इथे का निवडली असावीत, हे मला त्या क्षणी उमगले: विरणाऱ्या स्वराचे पुढे काय करायचे, हे यंत्राच्या हाती सोपवता येते.

'रेपाँ' म्हणजे प्रतिसाद. चर्चमधल्या गायनात एकट्या गायकाला समूहाने दिलेले उत्तर. पोवाड्यातले झीलकरी शाहिराचा शब्द उचलतात, तसेच. फरक एवढाच, की इथला झीलकरी सूर तसाच परत करत नाही. १९८१ साली जर्मनीतल्या डोनाउएशिंगेनला ही रचना प्रथम सादर झाली, तेव्हा हे काम करण्यासाठी इर्काममध्ये बनलेले 'फोर-एक्स' नावाचे खास यंत्र लागत असे. आता साधे संगणक पुरतात.

माझी तक्रार एकच. सिंबालोमच्या इतक्या जवळ बसल्यामुळे पलीकडची हार्प मला जवळपास ऐकूच आली नाही. काही ठिकाणी ही रचना एकाच रात्री दोनदा वाजवतात आणि मध्ये श्रोते जागा बदलतात. त्या रात्री तशी सोय नव्हती.

अखेरीस वृंद थांबतो आणि फक्त एकल वादकांचे स्वर, एकेक करून, दूर जात राहतात. टाळ्या पडल्या तेव्हा ध्वनिनियंत्रणाच्या मेजावरची मंडळीही वादकांबरोबर उभी राहिली.