वाऱ्याचा दिवस, काड्यांचा दिवस

आयरिश भाषेत म्हणीला 'शॅनोकल' म्हणतात, शब्दशः 'जुना शब्द'. त्यातलाच एक: 'नी हे लॉ न गीहा लॉ न स्कोलब'. वारा सुटला तो दिवस स्कोलबचा नव्हे. तहान लागल्यावर विहीर खणू नये, एवढा अर्थ घेऊन पुढे जाता येतं, पण मग स्कोलबची गंमत हुकते.

स्कोलब म्हणजे घर शाकारायची काडी. हेझल किंवा विलोची, दोन-अडीच फूट लांब, दोन्ही टोकं तासलेली. मध्यावर पीळ देऊन दुमडली की केसांतल्या आकड्यासारखी होते. पेंढ्यावर आडवी काठी ठेवायची आणि तिच्यावरून हा आकडा खालच्या गवताळ मातीच्या ढेकळांत रोवायचा. सगळी कला त्या पिळात. नुसती वाकवली तर काडी कडकन मोडते. पिळली की तंतू सुटे होतात आणि वळण घेतात. म्हणून तोड हिवाळ्यातली, पानं झडून रस उतरल्यावरची. फार वाळली तर तीही पीळ घेत नाही. रोवताना टोक किंचित वर चढतं ठेवायचं. उतरतं झालं तर पावसाचं पाणी काडीच्या अंगानं आत शिरतं आणि पेंढा कुजतो.

काम वळचणीकडून आढ्याकडे चढतं. वरचा थर खालच्या काड्या झाकत जातो, त्यामुळे छपराला काय धरून आहे ते खालून कळतच नाही. वारा सुटल्यावर कुठली काडी तोडणार, कुठली तासणार? मोकळा पेंढा तर आधीच उडालेला.

गंमत म्हणजे वाऱ्याचं माहेर असलेल्या अटलांटिककाठी, मेयो-डोनेगलकडे, भिस्त दोरांवर असते. छपरावरून दोर टाकून ते वळचणीखाली भिंतीत बसवलेल्या दगडी खुंट्यांना बांधतात.

6 जानेवारी 1839 च्या रात्री मात्र असा वारा सुटला की देशभर छपरं उडाली. पुढे 1909 मध्ये सत्तरी गाठलेल्यांना पेन्शन सुरू झालं. सरकारी जन्मनोंदणी तर 1864 पासूनची, मग वयाचा पुरावा कुठून आणायचा? 'मोठ्या वाऱ्याची रात्र मला आठवते,' असं म्हातारी माणसं सांगू लागली. बरोबर सत्तर वर्षांपूर्वीची रात्र, आणि आठवणारे बरेच निघाले.