बिलबुकाचा शेवटचा नंबर : आमची वाटचाल

आमचा प्रेस कोल्हापुरात, शिवाजी उद्यमनगरच्या जवळच. वडिलांनी ट्रेडलवर, म्हणजे ठोक्यानं छापणाऱ्या जुन्या मशीनवर चालू केला, मी मिनी ऑफसेट मशीन आणलं, पण ट्रेडल विकलं नाही. नंबरिंग आणि परफोरेशन (पान फाडायची बारीक भोकं) अजून त्याच्यावरच होतं. एनसीआरच्या, म्हणजे कार्बनशिवाय खाली उमटणाऱ्या कागदाच्या सेटवर ठोका बसला की खालच्या दोन्ही कॉप्यांवर तोच नंबर उमटला पाहिजे, नंबरिंगचं चाक अडकून एक जरी नंबर डबल पडला तर गिऱ्हाईकाचा अकाउंटंट पुस्तकं परत पाठवतो.

सुरुवातीला जाहिरातीवर लय पैसे घातले. पेपरात हँडबिलं टाकली, केबलवर पट्टी चालवली, फोन आले सगळे लग्नपत्रिकेचे. कारखानदार केबल बघून बिलबुक छापत नाही हो.

मग उद्यमनगरातल्या एका लेथवाल्या मामांनी डोळे उघडले. त्यांची चलनबुकं (मालाबरोबर पाठवायच्या चिठ्ठीची पुस्तकं) संपून दोन दिवस माल अडकला होता, म्हणाले, "पोरा, संपल्यावर येऊन काय उपयोग, आधी यायला काय झालं तुला?" त्या दिवशी एक वही घातली. कोण दिवसाला किती चलनं फाडतो, शेवटचा छापलेला नंबर किती. मामा दिवसाला पाच फाडायचे, वीस पुस्तकं म्हणजे 1000 नंबर, 200 दिवस. मी 170 व्या दिवशी दारात. शिवाय शेवटून तिसऱ्या पुस्तकात आमच्या फोन नंबरची गुलाबी चिठ्ठी बांधायची. शिरोली, गोकुळ शिरगाव, सगळीकडं मोटरसायकलवर हिंडून गिऱ्हाईक असंच जोडलं.

आणि ती वहीच गेली. डिलिव्हरीला ठेवलेल्या पोरानं मोबाईलवर पानंच्या पानं फोटो काढले, काम सोडलं आणि पलीकडच्या गल्लीत स्वतःचा प्रेस टाकला. साल 2017. एक जुलैपासून जीएसटी लागणार, म्हणजे गावातलं प्रत्येक व्हॅटचं पुस्तक रद्दी आणि प्रत्येकाला 27 नं सुरू होणारा 15 अक्षरी जीएसटी नंबर छापून पाहिजे. असा सीझन आयुष्यात एकदा येतो. मी जाईन तिथं तो आधीच अर्ध्या दरात ऑर्डर घेऊन गेलेला. मिनी ऑफसेटचे हप्ते थकले, दोन माणसं कमी करावी लागली, बायकोच्या पाटल्या गहाण पडल्या. आज तो रस्त्यात नमस्कार करतो, मी करत नाही, करणारही नाही.

मामांनी मात्र त्याला दारातनं परत पाठवलं. त्यांच्या शब्दावर शेजारचे चार शेडवाले आले. मी प्रत्येकाकडं रजिस्ट्रेशनची झेरॉक्स मागून नंबर अक्षर न् अक्षर ताडून बघायचो, कंपोझिशनवाल्याला (ठोक दरानं जीएसटी भरणाऱ्या छोट्या धंदेवाल्याला) टॅक्स इन्व्हॉइस नाही, बिल ऑफ सप्लाय, म्हणजे वेगळा कर न लावलेलं बिल लागतं हे प्रूफ दाखवतानाच सांगायचो. घाईत दुसरीकडं छापलेले बरेचजण चुकीचे नंबर घेऊन दिवाळीपर्यंत परत आले.

नव्या पोरांना सांगतो, कारखान्यात महिनाअखेरीला जाऊ नका, सगळे बिलं काढण्यात असतात. हातात कार्ड नको, त्यांच्याच नावाचं सॅम्पल पान न्या. आणि वही घरी ठेवा, कुलपात.

आता मामांचा मुलगा बिलं कॉम्प्युटरवर काढतो, पण जॉबवर्कची चलनं अजून हातानंच फाडतात. परवा गेलो तेव्हा टेबलावर पुस्तक उघडंच होतं, 48,650. घरी येऊन वहीत लिहून ठेवलं.