बूशेचे दोन सूर्य, आणि ते बघायला कसं जायचं

आई पुण्याहून आली होती तेव्हा तिला घेऊन लंडनच्या वॉलेस कलेक्शन या कलासंग्रहालयात गेले. मँचेस्टर स्क्वेअरला आहे, बॉन्ड स्ट्रीट ट्यूब स्टेशनवरून चालत दहाएक मिनिटं, ऑक्सफर्ड स्ट्रीटच्या गर्दीच्या अगदी मागे. कायमच्या संग्रहाला तिकीट नाही. सकाळी १० ला उघडतं, शक्यतो वीकडेला उघडल्या उघडल्या जा कारण जिना रिकामा मिळायला हवा.

जिना अशासाठी की फ्रेंच चित्रकार बूशेची 'सूर्योदय' आणि 'सूर्यास्त' ही चित्रं तिथेच लावलीयेत, १७५२-५३ची, प्रत्येक ३ मीटरपेक्षा उंच. फ्रान्सच्या राजाची, पंधराव्या लुईची प्रेयसी मादाम द पॉम्पादूर हिच्याकडे होती ही चित्रं, यांच्यावरून पॅरिसच्या गोबलँ कारखान्यात टॅपेस्ट्रीही (भिंतीवर लावायची विणलेली चित्रं) विणल्या. एकात सूर्यदेव अपोलो सकाळी समुद्रातून निघतोय आणि दुसऱ्यात दिवस संपल्यावर समुद्रदेवी टेथिसकडे परत येतोय, आणि भोवती जलपऱ्या, लाटा, गुबगुबीत पोरं, सगळं गुलाबी-निळं. खूप जण नुसती उघडी अंगं बघून पुढे सरकतात, खरंच वाईट वाटतं. आई सूर्यास्तासमोर बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "अगं, दिवसभर राबून घरी आलाय हा." तेव्हापासून मला ते चित्र दुसरं काही दिसतच नाही. एका जागेवरून पुरती दिसत नाहीत हां, पायऱ्यांवर थोडं वर-खाली होऊन बघा.

बूशेचीच १७५४ची चार चित्रंही इथेच आहेत, प्रेमदेवता व्हीनस आणि तिच्या भोवतीच्या गोष्टींची; एकात ती युद्धदेव मार्ससोबत असताना तिचा लोहार नवरा व्हल्कन दोघांना जाळ्यात पकडतो. ती गोष्ट आधी वाचून जा, म्हणजे जाळं कशाला ते कळतं. क्युपिडला, म्हणजे व्हीनसच्या बाण मारणाऱ्या पोराला, फुलांच्या माळांनी बांधलंय ते चित्र मला फार आवडलं, आपल्या मदनाचे बाण फुलांचे, इथे तोच फुलांनी जेरबंद!

फ्रागोनार या दुसऱ्या फ्रेंच चित्रकाराचा 'झोका' (१७६७च्या आसपासचा) मात्र एवढासा आहे, उंची जेमतेम ८१ सेंटीमीटर, म्हणून अगदी जवळ जा. २०२१ मध्ये साफ केलाय. झोक्यावरच्या बाईच्या पायातून उडालेली चप्पल सगळ्यांना दिसते, पण डावीकडचा क्युपिडचा पुतळा बघा, ओठांवर बोट ठेवून गप्प राहायला सांगतोय, आणि मागे सावलीत झोक्याची दोरी धरलेला म्हातारा.

दोन तास पुरतात, पण निघताना आईने परत जिन्यापाशी थांबवलं, तेवढी पंधरा मिनिटं हाताशी ठेवा.