गिरणीची चिमणी ओळंब्यात धरताना

गिरणगावातल्या नऊ चिमण्यांचे (धुराड्यांचे) फोटो तीन बाय तीनच्या चौकटीत लावायचे, ही पद्धत सरळसरळ जर्मन छायाचित्रकार बर्न्ट आणि हिला बेशर यांची. १९५९ पासून या जोडप्याने जर्मनीतल्या पाण्याच्या टाक्या, झोतभट्ट्या, खाणींवरचे मनोरे ढगाळ उजेडात, समोरून, सावलीविना टिपले. १९९०च्या व्हेनिस बिएनाले या कलाप्रदर्शनात त्यांना मान मिळाला तो शिल्पकलेचा! त्यांच्यासारखं पांढरं आभाळ मुंबईत मिळतं जून ते सप्टेंबर, तेही दोन सरींच्या मधे.

चिमणी मुळातच वर निमुळती होत जाते. मेख तिथेच आहे. कॅमेरा जरासा वर कलला की हा निमुळतेपणा वाढतो आणि त्यातला खरा किती, खोटा किती, हे फोटोवरून कळत नाही. साचेखात्याच्या (मागांच्या विभागाच्या) भिंतीत ही चूक लगेच दिसते, चिमणीत लपते. म्हणून फिल्मची बाजू स्पिरिट लेव्हलने ओळंब्यात ठेवून मी फक्त लेन्स वर सरकवतो.

किती सरकवायची, ते आधी कागदावर काढतो. चिमणी ४५ मीटर, अंतर ६० मीटर, लेन्स १५० मिमी: फिल्मवर प्रतिमा ११२ मिमी येते. चार बाय पाच इंची फिल्मच्या शीटवर उभी जागा जेमतेम १२० मिमी, म्हणजे बसते. पण रस्त्यावरून लेन्स ५२ मिमी वर न्यावी लागते. त्यासाठी सुमारे २४५ मिमीचं इमेज सर्कल (लेन्स फिल्मवर पाडते ते प्रतिमेचं वर्तुळ) हवं, आणि माझ्या लेन्सचं आहे २१०. आभाळाचे दोन्ही कोपरे काळे पडतात. तेच समोरच्या इमारतीच्या १५ मीटर उंच गच्चीवरून १५ मिमीत भागतं. त्यामुळे गिरणीच्या गेटपासपेक्षा सोसायटीच्या सेक्रेटरीची परवानगी मोलाची. अर्जात तारीख, वेळ आणि 'ट्रायपॉड, ड्रोन नाही' एवढं लिहिलं की पुरतं.

एसी गाडीतून कॅमेरा काढला की लेन्स आणि ग्राउंड ग्लास (प्रतिमा पाहायची मागची दुधी काच) धुरकटतात. पुसू नये; बॅग बंदच ठेवून अर्धा-पाऊण तास थांबावं. फिल्म होल्डर सिलिका जेलसकट डब्यात.

उजेड मोजणारा मीटर आभाळाला भुलतो आणि विटा काळ्याठिक्कर येतात. म्हणून रीडिंग विटांवरूनच घेतो, एक स्टॉप कमी करतो, म्हणजे उजेड निम्मा. १०० आयएसओच्या फिल्मला एफ/३२ या बारीक छिद्रावर साधारण पाव सेकंद. पिवळा फिल्टर नको. पांढऱ्या ढगावर त्याचा उपयोग शून्य, स्टॉप मात्र जातो. पाव सेकंदात विटा, लोखंडी पट्टे, वीजवाहक तार स्वच्छ येतात, पण टोकावर उगवलेला पिंपळ हलतो. वारा पडेपर्यंत शटरची केबल हातात धरून उभं राहायचं, नाहीतर छिद्र मोठं करून एफ/२२वर यायचं, म्हणजे वेळ निम्मा.

प्रत्येक चिमणीसाठी अंतर उंचीच्या सव्वापट-दीडपटीच्या मधे, चारास तीन या प्रमाणात. ३६ मीटरच्या चिमणीला ४८ मीटर. मग तिप्पट एन्लार्ज केलं की ३० बाय ४० सेंमीच्या कागदावर सगळ्या सारख्याच, सुमारे साडेतेहतीस सेंमी उंच येतात. एखादीवर चुकून ऊन पडलेलं असेल तर ते शीट बाद: एका अंगाला सावली येते आणि आठ सपाट चिमण्यांत ती एकटीच गोल दिसते.