जुरकॅट मेल्या, पेशंटच्या पेशी नाही

पावसात हार्बर लोकल रखडली होती, त्यामुळे सीएलएलच्या (लिम्फोसाइट्स या पांढऱ्या पेशींचा, हळू वाढणारा रक्ताचा कॅन्सर) पेशंटचं रक्त परळच्या आमच्या लॅबमध्ये पोचेपर्यंत दुपार झाली. फिकॉल या जड द्रावावर रक्त फिरवून लिम्फोसाइट्स वेगळ्या केल्या. शेजारी तुलनेला लॅबमधल्या नेहमीच्या जुरकॅट पेशी, १९७०च्या दशकात एका १४ वर्षांच्या मुलाच्या ल्युकेमियातून वाढवलेल्या. दोन्हींना ट्रेल दिलं.

१९९५ साली जगापुढे आलेलं हे प्रथिन पेशीच्या पृष्ठभागावरच्या डीआर४, डीआर५ या रिसेप्टरना चिकटतं. आत फॅड हे जोडणारं प्रथिन येऊन बसतं, कॅस्पेज-८ हे प्रथिनं कापणारं एन्झाइम जागं होतं आणि पेशी स्वतःला मोडीत काढते. सुट्या ट्रेलने काम अर्धवट होतं. त्याला सांधणारी अँटिबॉडी सोबत टाकली की रिसेप्टरचे पुंजके होतात आणि जोर येतो.

मरू घातलेली पेशी आवरणाच्या आतल्या बाजूचं फॉस्फॅटिडिलसेरीन हे मेद बाहेर आणते. अशा पेशी ओळखायला वापरतो ते चमकणारा रंग लावलेलं ॲनेक्सिन त्याला चिकटतं, पण कॅल्शियम असेल तरच. कॅल्शियम पकडून ठेवणाऱ्या ईडीटीएच्या बफरने धुतलं की मेहनत पाण्यात. नवी मुलं हे विसरतात, कारण त्यांना धड शिकवायला कुणाला वेळ नसतो. शेवटचं धुणं मी स्वतःच करते.

फ्लो सायटोमीटरवर (एकेक पेशीची चमक मोजणारं यंत्र) जुरकॅटचे ठिपके सरळ उजवीकडे, म्हणजे मरणाच्या बाजूला सरकले. पेशंटच्या पेशी ट्रेल न दिलेल्या नळीसारख्याच, जागच्या जागी. ट्रेल त्याच व्हायलमधलं. डीआर५ रंगवून पाहिलं, तेही पृष्ठभागावर होतं.

सीएलएल ट्रेलला दाद देत नाही हे वाचलेलं होतं. तरी डोक्यातून जात नाही, कारण ह्याच पेशी शरीराबाहेर नुसत्या प्लेटमध्ये ठेवल्या तर काही दिवसांत आपोआप मरतात. म्हणजे मरण्याची यंत्रणा शाबूत आहे. अडतंय ते रिसेप्टर आणि तिच्या मधे. माझा संशय सी-फ्लिप या प्रथिनावर. दिसायला कॅस्पेज-८सारखं, पण कापायची धार नाही. फॅडजवळची जागा अडवून बसतं.

ट्रेल आणि त्याच वाटेच्या अँटिबॉडी पेशंटना देऊन झाल्या, बहुतेक चाचण्यांत म्हणावा तसा गुण आला नाही. 'कॅन्सर पेशींची आत्महत्या' असल्या बातम्या मात्र येतच राहतात. एखादा नातेवाईक ते कात्रण पुढे करतो तेव्हा मला छापणाऱ्यांचा संताप येतो.

सर म्हणाले, यात नवीन काही नाही, पुढचं काम घे. उरलेल्या पेशी फोडून काढलेला अर्क, लायसेट, मी उणे ८० अंशांच्या फ्रीजरमध्ये ठेवलाय. कॅस्पेज-८ आणि सी-फ्लिप, दोन्ही प्रथिनं किती आहेत ते वेस्टर्न ब्लॉटच्या एकाच मेम्ब्रेनवर बघणार आहे.